परळ, खारघर, बार्शी : एका प्रश्नाची सत्तर वर्षं

(वाशी, नवी मुंबई येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



वाशीत उभं राहून विषाणू आणि प्रतिकारशक्ती यांच्या अभ्यासाविषयी बोलायचं, तर सुरुवात डॉ. कमल रणदिवे यांच्यापासूनच व्हायला हवी. सहकारी वैज्ञानिक स्त्रियांना बरोबर घेऊन त्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनचं मुख्यालय याच वाशीत आहे. तिथलं वसतिगृह आणि पाळणाघर तुमच्यापैकी अनेकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल. ज्या कर्करोग संशोधन संस्थेत त्यांची उमेदीची वर्षं गेली, ती परळहून निघून २००२ पासून खारघरला अॅक्ट्रेक या नावानं नांदते आहे. म्हणजे बाईंच्या आयुष्यातल्या दोन मोठ्या कामांचे पत्ते आज नवी मुंबईचे आहेत. तरीही या शहरात त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या एकशे चौथ्या जन्मदिनी, गूगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. देशातली पहिली मानली जाणारी टिश्यू कल्चर प्रयोगशाळा, पद्मभूषण, पुण्याच्या हुजूरपागेतलं शिक्षण, एवढं सगळ्यांनी लिहिलं. पण बाई आयुष्यभर कोणता प्रश्न विचारत होत्या आणि त्या प्रश्नाचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाविषयी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढचे तपशील कशासाठी येत आहेत ते कळेल. विषाणूमुळे आजार होतो, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. एकच विषाणू दहा शरीरांत शिरतो. नऊ शरीरं त्याला निपटून काढतात आणि दहावं शरीर वीस वर्षांनी आजारी पडतं. म्हणजे विषाणू कोणता, यापेक्षा शरीर त्याला काय उत्तर देतं, यावर पुढचं सारं ठरतं. हे उत्तर हळू येतं. कधी ते कळायला दहा वर्षं लागतात, कधी वीस. म्हणून या क्षेत्रातल्या वैज्ञानिकाची कारकीर्द त्याच्या हयातीतल्या शोधांवरून मोजता येत नाही. त्यानं मागे कोणता प्रश्न ठेवला, तो पुढे न्यायला कोणती माणसं आणि कोणती संस्था ठेवली, यावरून ती मोजावी लागते. हे म्हणणं मी तीन ठिकाणांच्या आधारानं मांडणार आहे : परळ, खारघर आणि बार्शी.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात १९१७ साली झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मुलीनं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडलं. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. एम.एस्सी.चा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास आज आपल्याला चमत्कारिक वाटेल, कारण आपण मुलांना बारावीतच कप्प्यात बसवतो. पण पेशी पाहायची शिस्त एकदा अंगी बाणली की ती पेशी झाडाची आहे की उंदराची, हा दुय्यम प्रश्न उरतो. परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं होतं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली बाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर खानोलकरांच्याच आग्रहावरून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकायला गेल्या.

या जॉर्ज गाय यांच्या नावापाशी जरा थांबूया. १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी काचेच्या नळीत वाढल्या आणि वाढतच राहिल्या. ‘हेला’ या नावानं त्या आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्या घेताना तिची परवानगी विचारलेली नव्हती, हेही इथेच नोंदवायला हवं. संमतीचा प्रश्न पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. त्या पेशी अमर कशामुळे झाल्या, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. उत्तर मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटानं ऐंशीच्या दशकात दाखवलं, की त्या पेशींच्या जनुकद्रव्यात मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, अठरा क्रमांकाचा प्रकार घुसून बसलेला आहे. म्हणजे कमल रणदिवे ज्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकल्या, त्याच प्रयोगशाळेच्या सर्वांत प्रसिद्ध पेशींमध्ये एक कॅन्सरकारक विषाणू दडलेला होता आणि तिथल्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

परत आल्यावर बाईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काय उभं केलं? टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा, प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा, आणि पुढे कर्करोगनिर्मिती, पेशीजीवशास्त्र व प्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग. पेशी वाढवायला लागणारी द्रावणं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थेतच तयार केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचं संचालकपदही सांभाळलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरचं त्यांचं काम त्या केंद्रातल्या कुष्ठरोग लशीच्या प्रयत्नांना पायाभूत ठरलं. पण त्यांचा मध्यवर्ती प्रश्न स्तनांच्या कर्करोगाचा होता. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं, की कॅन्सरचं प्रमाण जास्त असलेल्या जातीच्या उंदरांची पिल्लं जन्मतःच दुसऱ्या जातीच्या आईच्या दुधावर वाढवली, तर त्यांच्यातला कॅन्सर कमी होतो. म्हणजे दुधातून काहीतरी जात होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे एक विषाणू होता. परळच्या प्रयोगशाळेत बाईंनी विचारलेला प्रश्न याच्या पुढचा होता. विषाणू तोच असताना एका उंदराला गाठ होते आणि दुसऱ्याला होत नाही, ते का? त्या विषाणूचं, शरीरातल्या संप्रेरकांचं आणि प्राण्याच्या मूळ प्रकृतीचं आपसांतलं नातं काय? विषाणू सापडला की काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. त्यांच्या कामाचा खरा मोठेपणा मला इथे दिसतो.

आता पहिला आक्षेप. उंदरांतल्या विषाणूवर इतकी वर्षं खर्च केली. माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाचा तसा विषाणू सापडला का? नाही सापडला. शोध मात्र कसोशीनं झाला. मुंबईच्या पारशी समाजातल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसत होतं. त्यांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आढळले, असा निबंध १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात परळच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांचा सहभाग होता. जगभर खळबळ उडाली. पण पुढे ते कण कॅन्सर घडवतात, असं सिद्ध करता आलं नाही. मग हे काम वाया गेलं का? असं म्हणणाऱ्याला मी विचारीन : वाया जाणं कशाला म्हणायचं? चुकीचा रस्ता खुणा करून बंद करणं हे विज्ञानात काम धरलं जातं. शिवाय त्याच उंदरांच्या विषाणूनं पुढे जे दाखवलं ते थक्क करणारं होतं. १९९१ च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांतून एक गोष्ट पुढे आली. हा विषाणू दुधातून आतड्यात जातो, तिथल्या बी पेशींत शिरतो आणि त्यांच्या पृष्ठभागावर असं एक प्रथिन मांडतो, की शरीरातल्या टी पेशींचा मोठा गट एकदम पेटून उठतो. त्या गदारोळात बी पेशींची संख्या वाढते आणि विषाणूची संख्या त्यांच्याबरोबर वाढते. त्याच पेशींच्या आधारानं तो स्तनापर्यंत पोहोचतो. शरीराची संरक्षणयंत्रणाच तो वाहनासारखी वापरतो! ज्या उंदरांत टी पेशींचा तो विशिष्ट गट जन्मापासून नसतो, त्यांच्यात हा संसर्ग रुजत नाही. आणि विषाणूच्या जनुकपट्टीतच संप्रेरकांना प्रतिसाद देणारा तुकडा असतो, हेही दिसलं. विषाणू, संप्रेरक आणि प्रकृती यांचं नातं काय, या परळमधल्या प्रश्नाला असं रेणूंच्या पातळीवर उत्तर मिळालं. बाई तेव्हा निवृत्त होत्या. त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचं आणि बायकांच्या आरोग्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

प्रश्न मात्र परळमध्ये राहिला, आणि परळहून खारघरला आला. प्रतिकारशास्त्राचा जो विभाग रुजला होता, त्याच परंपरेत पुढे डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी गॅमा-डेल्टा टी पेशी या काहीशा दुर्लक्षित पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं. आपल्याकडे तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये या पेशी गाठीला ओळखतात का, ओळखूनही मारायला कमी का पडतात, हा त्यांचा शोध. पुढे त्या अॅक्ट्रेकच्या संचालक झाल्या. जून २०२१ मध्ये याच खारघरच्या आवारात भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती एका रुग्णावर वापरली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ती विकसित केली. रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी बाहेर काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्यानं त्यांच्यात नवं जनुक घालायचं, त्या वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या, अशी ती पद्धत. शरीराबाहेर पेशी वाढवणं म्हणजे टिश्यू कल्चरच. बाल्टिमोरहून परळला आणलेली विद्या सत्तर वर्षांनी खारघरला रुग्णाच्या शिरेतून आत गेली, हे मी केवळ भावनेनं सांगत नाही. अशी विद्या आयात करून एका वर्षात रुजवता येत नाही. त्यासाठी पिढ्यांची साखळी लागते.

आता मुख्य भागाकडे येऊ. गर्भाशयमुखाचा कर्करोग. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो आणि पाऊण लाखाहून अधिक त्यानं मरतात. कारण एकच : एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. सोळा आणि अठरा हे दोन प्रकार मिळून जगातल्या अशा सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार आहेत. पण हा संसर्ग बहुतेक विवाहित स्त्रीपुरुषांना कधी ना कधी होतोच, आणि दर दहांतल्या नऊ जणींचं शरीर तो सुमारे दोन वर्षांत घालवून टाकतं. उरलेल्या थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. हे असं का? कारण हा विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, दाह होऊ देत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, जे पेशीजाल तसंही गळून पडणार आहे, तिथेच तो आपली वाढ पूर्ण करतो. गावात चोर शिरावा आणि एकही कुत्रं भुंकू नये, तसं हे. म्हणून नैसर्गिक संसर्गानंतर अनेक स्त्रियांच्या रक्तात मोजण्याइतक्या अँटिबॉडीही तयार होत नाहीत. आणि प्रतिकारशक्ती किती निर्णायक असते, याचा पुरावा एचआयव्ही असलेल्या स्त्रियांकडून मिळतो : त्यांना या कॅन्सरचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट आहे. विषाणू तोच, शरीराचं उत्तर बदललं. परळच्या उंदरांत विचारलेला प्रश्न इथे स्त्रियांच्या जिवाचा झाला.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला महाराष्ट्रानं जगाला जी जागा दिली, ती प्रयोगशाळा नव्हती. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी गाव होतं. १९८७ मध्ये तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम भागातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन कुणाला कॅन्सर झाला, कोण वारलं, कशानं वारलं, याची नोंद ठेवायची. कंटाळवाणं काम. त्याचं कुणी कौतुक करत नाही, त्याला पुरस्कार मिळत नाही. त्या वहीनं सांगितलं की या भागातल्या बायकांचा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर गर्भाशयमुखाचा आहे. म्हणूनच १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात जगातला या विषयावरचा एक फार मोठा प्रयोग होऊ शकला. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालवला. बार्शीचे डॉ. भगवान नेने, लियाँचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन ही त्यातली प्रमुख नावं. गावांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात घेतल्या. एका गटाची एचपीव्हीची तपासणी, एकाची पॅप तपासणी, एकाची व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी आणि एका गटाला नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांनी पाहिलं तर आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे ३४ मृत्यू होते आणि तुलनेच्या गटात ६४. जवळपास निम्मे. २००९ मध्ये हा निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि जगभरच्या तपासणी धोरणांत त्याचा आधार घेतला गेला.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. तुलनेच्या गटातल्या एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांना तपासणी न देता आठ वर्षं नुसतं पाहत राहणं योग्य होतं का? ही टीका देशात झाली, परदेशांतही झाली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांवर झालेल्या टाटा मेमोरियलच्या अशाच प्रयोगावरही झाली. प्रयोग करणाऱ्यांचं उत्तर असं, की देशात तपासणीची व्यवस्थाच नव्हती. तुलनेच्या गटाला तीच व्यवस्था मिळाली जी त्या काळी देशातल्या सर्वच खेड्यांतल्या स्त्रियांना मिळत होती, आणि या प्रयोगाशिवाय आपल्याकडे काय चालेल हे कळलं नसतं. मला हे उत्तर अर्धं पटतं. आपल्याकडे काय चालेल ते कळणं गरजेचं होतं, हे खरं. पण ‘नेहमीची व्यवस्था’ म्हणजे काहीच नसणं, हे ज्या देशात खरं असतं, तिथे त्या स्त्रियांचं देणं प्रयोग संपल्यावर वाढतं, कमी होत नाही. ते देणं आपण फेडलं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी तरी झालेल्या स्त्रिया देशभरात १.९ टक्के निघाल्या. उस्मानाबादच्या स्त्रियांनी जगाला जे शिकवलं, ते त्यांच्याच देशानं वापरलं नाही. हा दोष वैज्ञानिकांचा नाही. पण आक्षेपाला खरं उत्तर द्यायचं असेल, तर ते या आकड्यापासूनच सुरू करावं लागेल.

आता लस. विषाणूच्या कवचातलं एल-वन हे एकच प्रथिन प्रयोगशाळेत तयार केलं, की त्याचे तुकडे आपोआप जुळून विषाणूसारखा दिसणारा पोकळ गोळा बनतो. आत जनुक नाही, म्हणून रोग होऊ शकत नाही. २००६ पासून अशा लशी बाजारात आल्या. तीन डोस, महाग. गरीब देशांना परवडणं अवघड. म्हणून २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी, त्यात बार्शी, पुणे आणि मुंबई ही आपली तीन, एक प्रयोग सुरू झाला : दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार मुली, तीन डोस विरुद्ध दोन डोस. आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं तो थांबवला. कारण या प्रयोगात नव्हतं, दुसऱ्याच एका प्रकल्पात होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात एका वेगळ्या लसीकरण कार्यक्रमात सात मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत ते लशीमुळे नव्हते असं दिसलं; पण संमती घेण्यात गैरप्रकार झाल्याचंही दिसलं. वसतिगृहांच्या अधीक्षकांनी मुलींच्या वतीनं सह्या केल्या होत्या. संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते रास्त होते. हेन्रिएटा लॅक्सपासून खम्ममपर्यंत संमतीचा हा धागा सलग आहे. ज्याच्या शरीरातून ज्ञान घ्यायचं त्याला विचारलं नाही, तर पुढच्या सगळ्या प्रामाणिक कामावर संशयाची सावली पडते, आणि तशी ती पडली.

थांबवलेल्या प्रयोगाचं काय होतं? बहुतेक वेळा फाइल बंद होते. त्या दिवशी १७,७२९ मुलींना लस मिळालेली होती. कुणाला तीन डोस, कुणाला दोन, आणि जवळजवळ पाच हजार मुलींना फक्त एक. कागदावर हे अपयश होतं. पण बार्शीच्या, पुण्याच्या आणि इतर ठिकाणच्या माणसांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दरवर्षी भेट, रक्ताचे नमुने; मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली तर तिथे जाऊन भेट. विषाणूची तपासणी लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी होणार, म्हणजे आधी मुलींची लग्नं होईपर्यंत थांबायचं! असं काम तीन वर्षांच्या प्रकल्पात बसतं का? २०२१ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत निकाल आला. सुमारे नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर सोळा आणि अठरा या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनं ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं. दोन डोसनी ९३.१, तीन डोसनी ९३.३ टक्के. तिन्ही आकडे व्यवहारात सारखेच.

इथे जाणकार श्रोता दोन शंका काढील. एक : एका डोसनंतर अँटिबॉडी दोन किंवा तीन डोसांपेक्षा कमी असतात, मग संरक्षण सारखं कसं? उत्तर असं, की अँटिबॉडी किती चढल्या यापेक्षा त्या टिकल्या का, हे पाहावं लागतं. एका डोसनंतरची पातळी खाली असते, पण वर्षानुवर्षं सपाट राहते, आणि नैसर्गिक संसर्गानंतरच्या पातळीपेक्षा ती वरच असते. लशीच्या त्या गोळ्यावर एकच आकार शेकडो वेळा ओळीनं मांडलेला असतो. अशी ठाशीव, पुनःपुन्हा येणारी रचना बी पेशींना इतका जोरदार इशारा देते, की अँटिबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडतात. आणि हा विषाणू शिरताना इतका थोडा आणि इतका सावकाश असतो, की त्याला अडवायला फार अँटिबॉडी लागत नाहीत. दुसरी शंका : प्रयोग मध्येच मोडला, मुली चिठ्ठ्या टाकून एका डोसच्या गटात आल्या नव्हत्या, मग निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा? शंका रास्त आहे. एवढ्या एकाच पुराव्यावर धोरण बदलायला नको होतं, आणि बदललंही नाही. केनियात रीतसर चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगानं २०२२ मध्ये तोच कौल दिला. कोस्टा रिकातल्या दीर्घ पाठपुराव्यानंही एका डोसनंतरच्या अँटिबॉडी टिकतात असं दाखवलं. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ ते वीस वर्षांच्या मुलींसाठी एक डोसही चालेल, अशी भूमिका घेतली. तीनऐवजी एक, म्हणजे त्याच पैशात तिप्पट मुली. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक या पहिल्या भारतीय एचपीव्ही लशीला मान्यता मिळाली.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा आहे. दशकांची भाषा कशाला, कोविडची लस तर वर्षभरात आली ना? आली. पण कशाच्या बळावर आली? कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा काढून दिला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, आणि ती संस्था १९५२ पासून चालू होती. माकडतापासारख्या, शहरातल्या कुणाला फारसं देणंघेणं नसलेल्या आजारांवर तिथे अनेक पिढ्यांनी काम केलं होतं. एमआरएनए लशीमागचा कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा निर्णायक निबंध २००५ चा. नोबेल मिळालं २०२३ मध्ये. ते वर्षभराचं यश अनेक दशकांच्या साठ्यातून काढलेलं होतं. साठा करायचा नाही आणि संकटाच्या दिवशी मात्र लस हवी, हे चालत नाही. आपल्याकडे तरुण संशोधकाला तीन किंवा पाच वर्षांच्या प्रकल्पावर घेतात. प्रकल्प संपला की तो माणूस जातो, त्याच्या हातचं कौशल्य जातं, शीतकपाटातल्या नमुन्यांवरची चिठ्ठी वाचणारं कुणी उरत नाही. प्रकल्पपद्धतीनं हिशेब चोख राहतो आणि आळसाला आळा बसतो, हे मान्य. म्हणून ती सरसकट मोडा असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर शरीर वीस वर्षांनी देणार आहे, तो प्रश्न तीन वर्षांच्या हिशेबात टाकणं म्हणजे उत्तर येण्यापूर्वीच उठून जाणं आहे. कमल रणदिवे यांनी हे ओळखलं होतं, असं मला वाटतं. एरवी संशोधनात गढलेल्या बाईंनी वैज्ञानिक स्त्रियांची संघटना का उभारली असती? आणि त्या संघटनेनं वाशीत पाळणाघर आणि वसतिगृह का चालवलं असतं? मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून प्रयोगशाळा सोडणारी प्रत्येक बाई ही तुटलेली साखळी आहे, हे त्यांना दिसत होतं.

बार्शीच्या त्या मुली आज पंचविशी-तिशीच्या स्त्रिया आहेत. त्यांना कॅन्सरपूर्व बदलांपासूनही एका डोसनं संरक्षण मिळतं का, हे त्यांच्याच पुढच्या तपासण्यांतून पक्कं कळणार आहे. त्यासाठी पैसा, माणसं आणि नमुन्यांची जपणूक चालू ठेवावी, ही या व्यासपीठावरून राज्य आणि केंद्र सरकारला माझी जाहीर मागणी आहे. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात एचपीव्हीची तपासणी मिळावी, ही दुसरी. आणि या सभागृहातल्या तुम्हा सर्वांना विनंती : घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिला ही लस द्या, आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीनं एकदा तरी तपासणी करून घ्यावी. उस्मानाबादच्या एक लाख एकतीस हजार स्त्रियांनी ती किती उपयोगाची आहे, हे केव्हाच दाखवून दिलं आहे.